प्रेशरचं मशीन

नवरा दवाखान्यातून घरी आला, तेव्हा शिकवणीच्या बाईंनी प्रेशर मोजायचं मशीन विकत आणलं. तिसऱ्याच दिवशी शेजारच्या वहिनी "पाच मिनिटांत देते" म्हणून ते घेऊन गेल्या. बाईंना नाही म्हणवलं नाही, आणि नंतर परत मागायचंही जिवावर आलं.

आज सकाळी नवरा म्हणाला, "डोकं जड झालंय गं." तशा बाई शेजारी धावल्या.

"अगं बाई, ते खालच्या काकांकडे आहे!" वहिनी म्हणाल्या. काकांनी ते तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या आजींना दिलं होतं. बाई धापा टाकत वर पोचल्या. मशीन समोर टेबलावरच होतं, पट्टा नीट गुंडाळून ठेवलेला.

"आजी, हे नेऊ का? आमच्या यांचं प्रेशर बघायचंय."

आजी अवघडल्या. "दिलं असतं हो, पण मशीन माझं नाही ना. ज्यांचं आहे त्यांना न विचारता कसं देऊ?"

'अहो, माझंच आहे,' हे शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले होते.



"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "विचारून येते."