रविवारचा गडी

गुडघा सुजला म्हणून ऑगस्टमध्ये हॅमर्स या अमेरिकन फुटबॉल संघाने माझ्या मुलाला, ल्यूकला, काढून टाकलं. सात वर्षांपूर्वी त्याला संघात मागायला आलेल्या ज्या हॅरिगन प्रशिक्षकांनी माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून तीनदा पिरोगी, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या, मागून खाल्ल्या होत्या, त्यांनी साधं तोंडही दाखवलं नाही. कारकुनाकरवी त्याचं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून दिलं.

या मंगळवारी त्यांचाच फोन आला. बचावाच्या पुढच्या रांगेतले, ल्यूकच्याच जागेवरचे, तीन धिप्पाड गडी एकाच सामन्यात जायबंदी झाले होते.

"मिसेस वोयचिक, ल्यूक माझा फोन उचलत नाहीये हो. या रविवारी हरलो तर माझी नोकरी जाणार."

"अरेरे! या वयात?"

"चेष्टा नका करू. गुडघा कसा आहे त्याचा?"

"ठणठणीत. रोज सकाळी पळत टेकडी चढतो."

"मग रविवारी मैदानात उतरेल ना?"

"उतरेल की!"

"देव तुमचं भलं करो!"

मी त्यांना मनसोक्त आभार मानू दिले.

 

मग सांगितलं, "रविवारी तुमच्याविरुद्ध खेळणाऱ्या संघाने कालच त्याची करारावर सही घेतली, आणि तुमच्या डावांच्या सगळ्या गुप्त खुणा त्याला अजून तोंडपाठ आहेत."