शाईतलं वाक्य

"आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स." मंदाताईंनी चिठ्ठी पुन्हा पुटपुटली. व्हिसाच्या खिडकीवर मराठीला कुणी विचारत नाही, म्हणून शिक्षिका असलेल्या धाकट्या जावेने अचूक वाक्य शाईने लिहून दिलं होतं. तासांचा आकडा तेवढा पेन्सिलीने. तिकडे परदेशात लेकीचे दिवस भरत आले होते.

टूचं थ्री झालं, थ्रीचं फोर. खोडून खोडून कागदाला भोक पडलं.

शेवटी मंदाताई तरातरा उठल्या आणि त्यांनी अख्खं वाक्य न अडखळता काचेवर आपटलं. आतली मुलगी कौतुकाने हसली.

"मावशी, किती छान बोललात! पण आजची वेळ संपली. उद्या या."

बाहेर येऊन त्यांनी जावेला फोन लावला.

"अवर्स शाईने कशाला लिहिलंस गं? आता त्याचे दिवस कसे करू?"