फाटकावरचा दिवा

सूतगिरणीच्या फाटकावरच्या यंत्राला मनगट टेकलं की ते माणसाच्या मनातली धास्ती मोजायचं. धास्तावलेला हात मशीनवर चुकतो, म्हणून लाल दिवा लागलेल्याला आत सोडत नसत. काशाक्कांना काल आणि परवा लालच लागला होता. आजही लागला तर काम सुटणार, आणि साठीच्या बाईला दुसरीकडे कोण ठेवणार? या विचारानेच त्यांचे हात गार पडले होते.

मागे उभी असलेली विशीतली सायरा कुजबुजली, "अक्का, काल तुमची आमटी खाल्ली. मीठ पगार झाल्यावर घालायचं ठरवलंय काय?"

"तुझ्या अम्मीला विचार. वाटी चाटूनपुसून परत आली," अक्का म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना. त्या हसण्यातच त्यांनी मनगट टेकवलं.

दिवा हिरवा लागला. अक्का आत गेल्या आणि मागे वळून पाहू लागल्या.

सायराला आजवर कधी लाल दिवा लागला नव्हता. आजही ती हसतच पुढे आली. तिने मनगट टेकवलं, आणि दिवा लाल झाला.

अक्कांसाठी रोखून धरलेला श्वास तिने अजून सोडलाच नव्हता.