सोपा ई मायनर

बंगळूरच्या बसवनगुडीत गिटार शिकवणाऱ्या संहिताकडे व्यंकोजी नावाचे चाळिशीतले गृहस्थ येऊ लागले. त्यांना एकच कॉर्ड, एकच स्वरमेळ हवा होता, ई मायनर. त्यांची छोटी मुलगी रम्या त्यावर स्वतःच रचलेलं गाणं म्हणायची. गिटारच्या दांडीवर तो जिथे जिथे सापडतो तिथे तिथे त्यांना शिकायचा होता, पण दर वेळी आधीपेक्षा कमी बोटांत.

तीन बोटांचा झाला, मग दोन बोटांचा. शेवटी दांडीच्या बाराव्या पट्टीवर संहिताने एकच बोट तीन बारीक तारांवर आडवं ठेवून दाखवलं, तरी त्यांचं समाधान होईना.

"टीचर, अजून स्वल्प सोपा?"

संहिता वैतागली. "अण्णा, असं अंग चोरून गिटार येत नाही. बोटं दुखणारच, सराव करायला हवा."

"खरंय. पण एकही बोट न लावता होतो का हा?"

तिने हसू दाबलं. त्यांचा हात दांडीवरून बाजूला केला आणि त्याच तीन तारा मोकळ्या छेडायला लावल्या. स्वच्छ ई मायनर वाजला.

"घ्या! याहून आळशी कॉर्ड जगात नसेल."

व्यंकोजींनी तो पुन्हा पुन्हा छेडून पाहिला. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला.



"डॉक्टर म्हणालेत, आधी डावा हात लुळा पडेल. सरी, ठीक आहे टीचर, म्हणजे उजवा पडेपर्यंत तरी वाजवता येईल."