अंगारा
२००१ सालच्या ऑक्टोबरात एका सकाळी मंगळवार पेठेतल्या घरी शालनने फोन उचलला, तर अमेरिकेत शिकायला गेलेली लेक रडत होती. “आई, पत्रात राख कशाला घातलीस गं?” “राख काय म्हणतीस? वाडीच्या दत्ताचा अंगारा हाय त्यो. तुझ्या परीक्षेसाठी धाडलाय.” “इथं टपालातनं विषारी पावडर येतीय, माणसं मेलीत. होस्टेलात पाकीट फोडलं, अंगारा सांडला आणि सगळ्या ओरडत पळाल्या. पोलिसांनी मला खोलीत बसवून ठेवलंय.” शालन फोनमध्येच ओरडली. “देवाचा हाय म्हणून सांग की त्यास्नी!” “सांगून दमले. तपासायला नेलाय. एवढं एकच पाकीट हाय, असं लिहून दिलंय मी. खोटं निघालं तर शिक्षण बंद. एकच हाय न्हवं?” शालनने आवाज खाली आणला. “तुझ्या तिथल्या सरांनाबी चिमूटभर धाडलाय, पोरी. तुला सांभाळत्यात म्हणून. उद्या पोचंल.”