काढणाऱ्याची सही

काउंटरवरच्या मुलीने फोटो स्क्रीनवर मोठा केला, मागे बसलेल्या मालकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा छापता नाही येणार, ताई. ज्या फोटोग्राफरने काढलाय, त्याची परवानगी आणा."

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला आधी कळेचना. फोटो तिच्या सासूबाईंचा होता. खिडकीपाशी बसून तोंडाचं बोळकं उघडून हसताहेत, अर्धा चेहरा उन्हात, अर्धा सावलीत.

"मीच काढलाय," ती म्हणाली.

इतका सुरेख फोटो घरी कुणी काढेल, यावर मुलीचा काही विश्वास बसला नाही. मागे त्यांनी कुणाला लग्नाचे फोटो असेच छापून दिले होते, तर ते काढणारा फोटोग्राफर वकिलाची नोटीस घेऊन दारात उभा राहिला. तेव्हापासून मालक ताकही फुंकून पीत.

एरवी ती मुकाट्याने परतली असती. पण सासूबाईंची नजर दिवसेंदिवस जात चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. लग्नापासूनच्या सगळ्या फोटोंत त्या परीक्षेला बसल्यासारख्या, ओठ घट्ट मिटून. काल सुनेचा हात धरून म्हणाल्या होत्या, "हसताना मी कशी दिसते, ते मी बघितलेलंच नाही गं. डोळे आहेत तोवर दिसेल एवढा मोठा करून आण."

तिने काच तडकलेला फोन काउंटरवर ठेवला. त्याच दुपारचे आणखी सात फोटो त्यात होते. एकात तिचं बोट आडवं आलेलं, एकात सासूबाईंनी 'पुरे आता' म्हणून हात उगारलेला, एकात नुसताच पडदा. मालक उठून आले. एकेक फोटो त्यांनी मागेपुढे करून पाहिला. मग चष्मा कपाळावर सारून विचारलं, की उजेडाचं हे कुठे शिकलात?

"शिकायचं काय त्यात? सुईत दोरा ओवायचा तर उजेड कुठून येतो ते कळावंच लागतं."

मालकांनी फॉर्म पुढे केला. 'छायाचित्रकार' या शब्दापुढे तिने आपलं नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर घोटत.

उशीएवढा फोटो छापून आला, तेव्हा मालकांनी तो दाराच्या उजेडात नेऊन पाहिला. मग म्हणाले, एक प्रत दुकानाच्या काचेत लावू द्याल का, खाली तुमचं नाव घालू. फोटो ज्याने काढला त्याचा. तुमच्या सहीशिवाय आम्हाला लावता यायचा नाही. त्यांनी कागदही काढला.

घर नवऱ्याच्या नावावर होतं, शिलाई मशीन नणंदेचं. अमुक एक गोष्ट तुमची आहे, असं कागदावर तिला आजवर कुणी दाखवलं नव्हतं. तिने कागद दोनदा वाचला. पेन उचललं. आणि परत ठेवलं.

"फोटो माझा असेल, पण हसल्यात त्या," ती म्हणाली. "त्यांना विचारून सांगते."

मालकांनी गुंडाळी करायला हात पुढे केला, तर तिने नको म्हटलं, चुण्या पडतील. दारातून बाहेर पडताना तिने फोटो सासूबाईंचा चेहरा आपल्याकडे वळवून छातीशी धरला, आणि गर्दीतून वाट काढत घराकडे निघाली.