सहाव्या नंबरची गोलकीपर

"तुम्हाला फुटबॉल कळत नाही, आणि ते कबूल करायची हिंमतही नाही. नाव लपवून शाळकरी मुलींचं रँकिंग काढता. जुरोंग ईस्टवाल्या दुसऱ्या? कशाच्या जोरावर? एक लांब किक, एक नशिबाचा गोल, बाकी नुसता गोंधळ. त्यांची लेफ्ट बॅक वळेपर्यंत चहा होतो! आणि बुकित पंजांग सहाव्या, म्हणजे थेट तळाला. का, तर म्हणे गोलकीपर कॉर्नरला रेषा सोडत नाही, पालीसारखी चिकटून बसते. आणि शॉटच्या आधी तिची डावी टाच मागे सरकते. टाच? स्टँडमधून तुम्हाला टाच दिसते? दुर्बीण लावून बसता का? चौदा वर्षांच्या पोरीला पाल म्हणताना लाज वाटत नाही?"

पद्मनाभने हे सगळं जेवणाच्या टेबलावर खणखणीत आवाजात वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं.

"लिझर्ड?" अश्लेषाचा घास हातातच राहिला. "मला लिझर्ड म्हणाला तो?"

"तू लक्ष नको देऊस."

"तूच तर वाचून दाखवलंस, बाबा!"

सिंगापूरच्या शाळांच्या फुटबॉलचं हे ऑनलाइन पान दोन महिन्यांपूर्वी सुरू झालं होतं. चालवतं कोण, कुणालाच माहीत नव्हतं. दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता सहा शाळांची क्रमवारी यायची आणि प्रत्येक टीमवर चार बोचऱ्या ओळी. अख्खी लीग ते वाचायची. पद्मनाभ सगळ्यात आधी वाचायचा आणि सगळ्यात जास्त भांडायचा.

"घरात तुझं कुणी ऐकत नाही, म्हणून तिथे भांडतोस," त्याची बायको सुमेधा म्हणाली.

"हो," पद्मनाभ म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

खोटं नव्हतं ते. लीगच्या सुरुवातीला त्याने मुलीला चार गोष्टी सांगून पाहिल्या होत्या. "बाबा, तू आयटीत आहेस. यू नेव्हर प्ले बिफोर, लाह," असं म्हणून तिने कानांत इयरफोन घातले होते. त्यानंतर त्याने शिकवणं सोडलं.

पण आता गोष्ट गळ्याशी आली होती. मागच्या दोन मॅचमध्ये अश्लेषाने सात गोल खाल्ले होते. कोच मिस लिमनी सरळ सांगितलं होतं, शुक्रवारी पासिर रिसविरुद्ध शेवटची संधी, नाहीतर दुसरी गोलकीपर उभी करणार. घरी येऊन अश्लेषाने त्याला स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं. "मग मी ग्लोव्हज परत देणार. फुटबॉल बंद."

जेवण झाल्यावर ती उठली. "आई, खाली कोर्टवर चल. मला उंच बॉल टाक."

"अगं, मला कुठे टाकता येतो? बाबाला ने."

"नको. तूच चल. त्या माणसाला दाखवते मी पाल."

पद्मनाभ चौथ्या मजल्याच्या कॉरिडॉरमधून बघत राहिला. सुमेधा वेडेवाकडे बॉल टाकत होती आणि पोरगी प्रत्येक बॉलवर पुढे झेपावत होती. बुधवारी तेच. गुरुवारी तिने डाव्या टाचेमागे पाण्याची बाटली ठेवली. पाडली की पुन्हा पहिल्यापासून.

शुक्रवारी साडेतीनला मॅच सुरू झाली. बाकीचे पालक छपराखाली बसले होते, हातात छोटे पंखे, तोंडात मार्कांच्या गप्पा. मैदानाकडे किती जण बघत होते, देव जाणे! पद्मनाभ नेहमीसारखा छत्री घेऊन गोलच्या मागे उन्हात एकटा उभा होता. मध्यंतरानंतर अश्लेषाने बाजू बदलली, तसा तोही मैदानाला वळसा घालून पलीकडे गेला.

पासिर रिसच्या पोरी पहिल्या नंबरच्या होत्या आणि तशाच खेळत होत्या. अश्लेषाने चार शॉट अडवले. सत्तावन्नाव्या मिनिटाला बुकित पंजांगचा एक गोल झाला, तोही रडतखडत. मग शेवटच्या मिनिटाला पासिर रिसला कॉर्नर मिळाला. त्यांची ताडमाड स्ट्रायकर गोलसमोर येऊन उभी राहिली.

बॉल वर आला. अश्लेषा रेषेवर नव्हती. तीन जणींच्या डोक्यांवरून तिची मूठ आली आणि बॉल पार अर्ध्या मैदानापर्यंत गेला.

एक-शून्य. या विजयामुळे बुकित पंजांग गुणतक्त्यात कशीबशी चौथी आली, म्हणजे सेमीफायनलला. मिस लिमनी अश्लेषाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "सेमीफायनलला तूच."

परत येताना तिघं हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवर थांबली. अश्लेषाने दोन प्राटे, म्हणजे इथले पराठे, संपवून तिसरा मागवला.

"बाबा, मंगळवारी तो आपल्याला किती नंबर देईल?"

"तिसरा. दुसरा द्यायला जीव जाईल मेल्याचा."

"आणि तू तिकडे उन्हात कशाला उभा असतोस रे?" सुमेधाने विचारलं. "छपराखाली जागा असते की."

"तिकडून पाय नीट दिसतात," पद्मनाभ म्हणाला.

अश्लेषाने टेबलाला टेकवलेल्या त्याच्या छत्रीकडे पाहिलं. तिने मायलोचा ग्लास संपवला, बर्फासकट.

मंगळवारी सात वाजता रँकिंग आलं. बुकित पंजांग तिसऱ्या. गोलकीपरबद्दल एकच ओळ होती: रेषा सुटली, टाच हलली नाही.

पद्मनाभने सवयीप्रमाणे भांडायला मोबाईल उघडला. त्याच्या आधीच तिथे एक कॉमेंट येऊन पडली होती. रँकिंग लिहिणाऱ्यासाठी, अश्लेषाच्या नावाने.

"माझी टाच फक्त गोलच्या मागून दिसते, आणि तिथे छत्री घेऊन एकच माणूस उभा असतो. सेमीफायनलच्या आधी माझं अजून काय चुकतंय? या वेळी तोंडावर सांग, ऐकेन मी. उत्तर दे, बाबा."